टॅम्पाचे घर, न्यू जर्सीचे मृत्युपत्र आणि पोथीतली चिठ्ठी

वाचकाचे पत्र: माझे बाबा दीड महिन्यापूर्वी न्यू जर्सीत एडिसन येथे वारले. आई आधीच गेली होती. निवृत्तीनंतर बाबांनी फ्लोरिडात टॅम्पाला एका जुन्या सहा मजली इमारतीत कॉन्डो (मालकीचा फ्लॅट) घेतला होता आणि थंडीचे चार महिने ते तिथे राहत असत. २००९ साली न्यू जर्सीच्या वकिलाकडून केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी सर्व काही मला आणि पुण्यात राहणाऱ्या धाकट्या भावाला समसमान दिले आहे. एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून बाबांचे इथले स्नेही, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांचे एकट्याचेच नाव आहे. काकांनी सरोगेटकडून, म्हणजे काउंटीच्या मृत्युपत्र-अधिकाऱ्याकडून, प्रोबेट करून (मृत्युपत्र मान्य करवून) प्रमाणपत्रे आणली, पण ती फ्लोरिडात चालणार नाहीत असे तिकडून कळले. कॉन्डो असोसिएशनने दुरुस्तीसाठी मोठी जादा वर्गणी मागितली आहे. त्यातच बाबांच्या पोथीत त्यांच्या हस्ताक्षरातली, २०२१ ची तारीख घातलेली मराठी चिठ्ठी सापडली: "टॅम्पाचे घर धाकट्याला द्यावे." खाली सही आहे, साक्षीदार नाहीत. भावाला मी अजून काही बोललेले नाही. काय करावे? — एक वाचक, एडिसन

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात कोर्टाचा प्रश्न आधी आला आहे आणि चिठ्ठीचा शेवटी, पण मी शेवटापासून सुरुवात करते. चिठ्ठीबद्दल भावाला याच आठवड्यात सांगा. चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्याला पाठवा, मूळ कागद ज्या पानात सापडला त्या पानाची नोंद करून ठेवा, त्याला टाचणी किंवा स्टेपल लावू नका आणि तो काकांमार्फत त्यांच्या वकिलाकडे पोहोचवा. न्यू जर्सीत प्रोबेट झाल्यापासून ६० दिवसांच्या आत एक्झिक्युटरने सर्व वारसांना आणि लाभार्थींना लेखी कळवायचे असते, म्हणजे काकांचे पत्र भावाच्या हाती पडणारच आहे. त्या पत्रानंतर चार महिन्यांनी चिठ्ठी बाहेर आली, तर ती त्या दिवशी सापडली यावर तो विश्वास ठेवील का, याचा विचार करा. तुमच्या मनात खोट नाही हे पत्रावरून दिसते, कारण खोट असती तर तुम्ही मला लिहिलेच नसते. पण मृताच्या हातचा असा कागद दाबून ठेवणे कायद्याच्या दृष्टीनेही गंभीर आहे, आणि तो खरोखर मृत्युपत्र ठरतो की नाही हे ठरवणे तुमचे किंवा काकांचे काम नाही. भावाची सही तुम्हाला पुढे लागणारही आहे. ती कशी, ते ओघाने येईल.

आता सरोगेटच्या प्रमाणपत्रांकडे वळू. काकांनी आणलेल्या त्या कागदांवर अंगठा फिरवला तर उठावाचा शिक्का हाताला लागतो, आणि तो शिक्का पाहून आपल्याला वाटते की आता सगळी दारे उघडतील. न्यू जर्सीतली बँक, तिथले घर, गाडी, शेअर यांच्यापुरती ती उघडतातही. परंतु अमेरिकेत जमीन आणि घर यांच्यावर ती जिथे आहेत त्या राज्याचाच कायदा चालतो, आणि त्यांची मालकी बदलण्याचा अधिकार दुसऱ्या राज्याच्या कोर्टाला नसतो. माणूस जिथला रहिवासी होता तिथे मुख्य प्रोबेट होते, आणि दुसऱ्या राज्यात घर असेल तर तिथे त्याला जोडून आणखी एक प्रकरण चालवावे लागते, ज्याला अ‍ॅन्सिलरी प्रोबेट किंवा फ्लोरिडात अ‍ॅन्सिलरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणतात. आमच्या घरात हे आम्ही ठेच लागून शिकलो. माझे मोठे दीर गेले तेव्हा त्यांचे फ्लोरिडातले घर विकायला काढले, गिऱ्हाईक मिळाले, सौदा ठरला, आणि सह्यांच्या चार दिवस आधी मालकी हक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीने विचारले की फ्लोरिडाच्या कोर्टाचा हुकूम कुठे आहे. आमच्याकडे न्यू जर्सीची प्रमाणपत्रे होती, तीही सहा. गिऱ्हाईक थांबले नाही.

मात्र फ्लोरिडात वकील गाठण्यापूर्वी दोन गोष्टी घरबसल्या तपासा, कारण त्यांच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

पहिली म्हणजे घराचे खरेदीखत, म्हणजेच डीड. टॅम्पा हिल्सबरो काउंटीत येते आणि तिथल्या क्लर्कच्या कार्यालयातील नोंदी इंटरनेटवर नावाने शोधता येतात. बाबांनी घर घेताना किंवा नंतर कोणाचे नाव सहमालक म्हणून, मागे राहणाऱ्याला पूर्ण हक्क मिळेल अशा शब्दांत, घातले होते का. घर एखाद्या ट्रस्टच्या नावे केले होते का. किंवा स्वतःला हयातीपुरता हक्क ठेवून पुढचा मालक डीडमध्येच लिहून ठेवला होता का, हे पाहा. फ्लोरिडात हा शेवटचा प्रकार बराच वापरला जातो आणि त्याला तिथे लेडी बर्ड डीड म्हणतात. यांपैकी काही निघाले तर घर मृत्युपत्राच्या बाहेरूनच त्या माणसाकडे जाते, बहुधा मृत्यूचा दाखला नोंदवून काम भागते आणि अ‍ॅन्सिलरी प्रोबेटची गरजच राहत नाही. डीडवर बाबांचे एकट्याचे नाव असेल, किंवा आई-बाबा अशी दोघांची पती-पत्नी म्हणून नावे असतील (आई आधीच गेल्याने ते घर बाबांचेच होते), तर मात्र पुढे वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे मालमत्ता कराचे बिल. त्यावर होमस्टेड एक्झेम्प्शन, म्हणजे कायम राहत्या घरासाठीची करसवलत, दिसते का ते नीट पाहा. ही सवलत फ्लोरिडा हेच ज्यांचे कायमचे घर आहे त्यांच्यासाठी असते. थंडीपुरते तिथे राहणारे काही जण कोणीतरी सांगितले म्हणून ती घेऊन बसतात. बाबांनी ती घेतली असेल, शिवाय मतदार नोंदणी आणि वाहन परवानाही तिकडचा असेल, तर ते फ्लोरिडाचेच रहिवासी होते असा अर्थ निघू शकतो. मग मुख्य प्रोबेट टॅम्पाला आणि न्यू जर्सीचे प्रकरण दुय्यम, असे सगळे उलटे होईल. आणि ते फ्लोरिडाचे रहिवासी नसताना सवलत घेतली गेली असेल, तर काउंटी मागच्या १० वर्षांपर्यंतचा कर, त्यावर ५० टक्के दंड आणि व्याज मागू शकते. तसे निघाल्यास वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

बाबांचे कायमचे घर एडिसन होते आणि कॉन्डो त्यांच्या एकट्याच्या नावे होता असे धरून पुढचा रस्ता सांगते. फ्लोरिडाच्या कोर्टात न्यू जर्सीच्या प्रकरणातील कागद दाखल करावे लागतात: मृत्युपत्र, ते मान्य झाल्याचा हुकूम, काकांना मिळालेली एक्झिक्युटरची पत्रे. साध्या झेरॉक्सने किंवा त्या छोट्या प्रमाणपत्रांनी भागत नाही. सरोगेटच्या कार्यालयात एक्झेम्प्लिफाइड कॉपी (दुसऱ्या राज्यात चालेल अशी साक्षांकित प्रत) हवी असे नेमके शब्द वापरून मागणी करा. तिथल्या लोकांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. एडिसन मिडलसेक्स काउंटीत असल्याने हे काम न्यू ब्रन्सविकला होईल. मृत्युपत्राच्या शेवटी साक्षीदारांनी नोटरीसमोर शपथेवर केलेले निवेदन जोडले आहे का तेही पाहा. ते असेल तर १७ वर्षांपूर्वीच्या साक्षीदारांना शोधत फिरावे लागत नाही.

फ्लोरिडात या कामासाठी तिथला वकील घ्यावाच लागतो, कारण नेमलेला प्रशासक, म्हणजे तिथला एक्झिक्युटर, हा एकटाच लाभार्थी असल्याखेरीज त्याला वकिलाशिवाय कोर्टासमोर येता येत नाही असा तिथला नियम आहे. मालमत्तेच्या किमतीवर टक्केवारीने फी घेण्याचा प्रघात आहे, पण ती टक्केवारी कायद्याने सक्तीची नाही आणि तसे वकिलाने तुम्हाला स्वतःहून लेखी सांगितले पाहिजे. एक घर, दोन वारस आणि वाद नाही, अशा कामासाठी ठरावीक रकमेची किंवा तासाची फी मागा, निदान दोघातिघांना विचारा. संकोच करू नका.

आता काका. फ्लोरिडाबाहेर राहणाऱ्या माणसाला तिथे प्रशासक व्हायचे असेल तर त्याचे मृताशी नाते असावे लागते: मुलेनातवंडे, पती-पत्नी, भाऊबहीण, काका-मामा-मावशी, पुतणे-भाचे, किंवा अशा नातेवाइकांचे जोडीदार. तुम्ही ज्यांना जन्मभर काका म्हणत आलात ते फ्लोरिडाच्या कायद्याला परके आहेत. हे त्यांना सांगताना जरा जपून सांगा, कारण बाबांनी दिलेला शब्द पाळायला निघालेल्या माणसाला हे लागते. न्यू जर्सीत ते एक्झिक्युटर राहतीलच, आणि दोन राज्यांत दोन वेगळी माणसे असायला काहीच हरकत नाही. मृत्युपत्रात दुसरे पर्यायी नाव नसल्यामुळे, फ्लोरिडातल्या मालमत्तेत निम्म्याहून अधिक हिस्सा ज्यांचा आहे त्यांनी मिळून प्रशासक निवडायचा असतो. तुमचा हिस्सा बरोबर निम्मा आहे. निम्म्याहून अधिक नाही. म्हणजे भावाने संमती दिल्याशिवाय तुमची नेमणूक होत नाही आणि तुमच्याशिवाय त्याची होत नाही. त्याच्या सहीचे मी म्हटले ते हेच. मुलगी म्हणून तुम्ही पात्र आहात, जवळ आहात, विमानाने अडीच-तीन तासांत टॅम्पाला पोहोचू शकता. तेव्हा तुम्हीच व्हावे असे माझे मत आहे.

आणि आता ती चिठ्ठी, जिच्यामुळे तुमची झोप उडाली आहे. न्यू जर्सीचा कायदा हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राबाबत उदार आहे: मुख्य मजकूर आणि सही मृताच्या हातची असेल आणि ते मृत्युपत्र म्हणूनच लिहिले असल्याचे सिद्ध झाले, तर साक्षीदार नसले तरी ते मान्य होऊ शकते. तिथे सरोगेटला शंका आली की प्रकरण सुपीरियर कोर्टाकडे जाते. फ्लोरिडा मात्र या बाबतीत अतिशय कडक आहे. दुसऱ्या राज्यात किंवा देशात तिथल्या रीतीने केलेले मृत्युपत्र ते साधारणपणे मान्य करते, पण साक्षीदारांविना केवळ हाताने लिहिलेले मृत्युपत्र त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे, आणि जुन्या मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीलाही दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तेव्हा चिठ्ठी न्यू जर्सीत मान्य झाली, सोबत कायद्याला हवे तसे इंग्रजी भाषांतर जोडले, तरी टॅम्पाच्या घराची मालकी तिच्या आधारे बदलेल असे दिसत नाही. त्या घरापुरता २००९ चा कागदच चालेल आणि घर तुम्हा दोघांचे निम्मे-निम्मे होईल. चिठ्ठी नेमकी ज्या घराविषयी आहे, ते घर ज्या राज्यात आहे, त्याच राज्यात तिला किंमत नाही. बाबांना हे कोणी सांगितले असते तर दोन शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी दहा मिनिटांत सह्या घेतल्या असत्या.

इथे कायदा थांबतो आणि तुमचा आणि भावाचा प्रश्न सुरू होतो. माझे मत विचाराल तर असे की, चिठ्ठी बाबांच्याच हातची आहे आणि ती शुद्धीत, स्वेच्छेने लिहिली याविषयी तुमच्या मनात शंका नसेल, तर त्यांची इच्छा पाळण्याचा प्रस्ताव तुमच्याकडून यावा. पण तो डोळसपणे द्या. २०२१ नंतर बाबांची सेवा, औषधपाणी, दवाखान्याच्या फेऱ्या कोणी केल्या, न्यू जर्सीतल्या मालमत्तेत काय आहे, भावाला पुण्याहून ते घर सांभाळणे झेपणार आहे का, हे सगळे दोघांनी समोर मांडून बोला. बाबांनी हे वाक्य लिहिले तेव्हा त्यांच्या मनात काय होते हे कदाचित तुमच्या भावाला ठाऊक असेल. कदाचित त्याने कधी काळी पैसे लावले असतील. त्याला ते बोलण्याची संधी द्या.

दोघांचे एकमत झाले तर फ्लोरिडाचा कायदा वारसांना आपसांत लेखी करार करून हिस्से बदलू देतो, आणि असा करार झाला की प्रशासकाला तो पाळावा लागतो. दोन गोष्टींची काळजी घ्या. तुम्ही तुमचा निम्मा हिस्सा भावाला सोडलात तर ती तुमच्याकडून दिलेली भेट धरली जाण्याची शक्यता आहे. वर्षाला एका माणसाला कर-विवरणाशिवाय देता येण्याजोगी रक्कम २०२५ साठी १९,००० डॉलर होती, त्यावरच्या भेटीसाठी भेट-कराचे विवरण, म्हणजे फॉर्म ७०९, भरावा लागतो, मात्र आयुष्यभराची सवलत एक कोटी डॉलरहून बरीच अधिक असल्याने प्रत्यक्ष कर बहुतेक कोणाला पडत नाही. आणि कोणी "नुसता हक्क नाकारून टाका" असे सुचवले तर सावध राहा. हक्क नाकारणाऱ्याला आपला हिस्सा कोणाकडे जावा हे ठरवता येत नाही. तुम्ही बाबांच्या आधी वारलात असे समजून तो पुढे जातो, आणि तुम्हाला मुले असतील तर तो भावाऐवजी त्यांच्याकडे वळू शकतो.

मंडळात कोणीतरी तुम्हाला हमखास सांगेल की दोन वर्षे थांबा, मग फ्लोरिडात सगळे सोपे होते. यात तथ्य आहे. मृत्यूला दोन वर्षे उलटली की मृताकडून ज्यांना पैसे येणे असते त्यांचे बहुतेक दावे संपतात आणि त्यानंतर छोट्या वाटेने काम करता येते. ज्याच्या नावे मोकळी जमीन आहे त्याने हा विचार जरूर करावा. तुम्ही करू नका, कारण तुमचा कॉन्डो जुन्या इमारतीत आहे. २४ जून २०२१ रोजी मायामीजवळ सर्फसाइड येथे एक निवासी इमारत रात्रीतून कोसळून ९८ माणसे दगावली. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा करून तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या कॉन्डो इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा केला. पूर्वी सभासद मतदान करून हा निधी टाळत असत, ते आता सहसा करता येत नाही. तुमच्याकडे मागितलेली जादा वर्गणी बहुधा यातूनच आली आहे. ती थकली तर असोसिएशनचा बोजा घरावर चढतो आणि शेवटी असोसिएशन घर जप्तीलाही काढू शकते. मालक वारला आणि प्रोबेट चालू आहे, ही सबब त्यांना पुरत नाही. म्हणून असोसिएशनला आजच पत्र लिहा: मालकाच्या निधनाची बातमी, तुमचा पत्ता, फ्लोरिडात प्रकरण दाखल होत असल्याची माहिती, आणि वर्गणीच्या ठरावाची प्रत व हप्त्यांची सोय मिळण्याची विनंती. तुम्ही स्वतःच्या खिशातून काही भरले तर पावती जपा, ती रक्कम इस्टेटीतून परत मागता येते.

विमा कंपनीलाही कळवा. बंद राहिलेल्या घराचे काही प्रकारचे नुकसान विम्यात बसत नाही, आणि किती दिवस बंद राहिले म्हणजे रिकामे धरायचे ते तुमच्या पॉलिसीत लिहिलेले असते. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. २०२४ मध्ये हेलीन आणि मिल्टन ही दोन वादळे दोन आठवड्यांच्या अंतराने टॅम्पाच्या परिसराला झोडपून गेली. वादळ आले नाही तरी दमट हवा आपले काम करतेच. आमच्या दिरांच्या घरातला एसी उन्हाळ्यात कधी बंद पडला ते कोणाला कळले नाही. आम्ही गेलो तेव्हा भिंतींवर काळे ठिपके होते, चपलांना केस आल्यासारखी बुरशी होती आणि कपाटात जाऊबाईंची पैठणी घडीवर हात ठेवताच ओलसर, थंड लागली. उलगडली तेव्हा पदरावरचे मोर पांढरे पडले होते. तेव्हा पाण्याचा मुख्य नळ बंद करा, पण वीज तोडू नका, एसी चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा आत डोकावेल असा माणूस ठेवा.

करांचे थोडक्यात सांगते. फ्लोरिडात वारसा कर नाही. न्यू जर्सीत आहे, पण मुलांना तो लागत नाही. बाबा गेले त्या दिवशीची घराची किंमत हीच अमेरिकेत तुमची खरेदी किंमत धरली जाते, म्हणून त्या तारखेचे मूल्यांकन आत्ताच करून घ्या. पाच वर्षांनी ते करणे अवघड होते. भाऊ अमेरिकेचा करदाता नसेल आणि त्याने पुढे स्वतःच्या नावाने घर विकले, तर खरेदीदाराला विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून अमेरिकी सरकारकडे भरावी लागते, जी त्याला नंतर विवरण भरून हिशेबात मिळते. घर विकायचेच असेल तर ते कोणाच्या नावे असताना विकावे हे वाटणीच्या आधी सीपीएला, म्हणजे इथल्या कर-हिशेब तज्ज्ञाला, विचारा. भारतात राहणाऱ्याला परदेशातील घर वारशाने घेण्यास तिथल्या परकीय चलनविषयक फेमा कायद्याची आडकाठी नाही, पण त्याने ते दर वर्षी आयकर विवरणाच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवले पाहिजे. शिवाय भारतात विक्रीवरचा नफा मोजताना बाबांची मूळ खरेदी किंमत धरतात, बाबा गेले त्या दिवशीची नव्हे. दोन्ही देशांचे आकडे वेगळे येतील, याने त्याने गोंधळून जाऊ नये.

भावाला फोन कराल तेव्हा चिठ्ठीचे बोलून झाल्यावर एक काम लगेच सांगून ठेवा. फ्लोरिडाच्या वकिलाकडून तुमच्या नेमणुकीला संमती देणारा कागद येईल. काही कागदांवर साधी सही चालते आणि काहींवर नोटरी व अपॉस्टिल (परदेशात चालण्यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण) लागते, ते वकिलाला आधी विचारून त्याला कळवा, नाहीतर त्याला तेच काम दोनदा करावे लागेल. पासपोर्टवर, जन्मदाखल्यावर आणि मृत्युपत्रात त्याचे नाव एकाच पद्धतीने लिहिले आहे का तेही त्याला आत्ताच पाहायला सांगा. आपल्याकडे मधले नाव कधी वडिलांचे असते, कधी गाळलेले असते आणि आडनावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांचे असते. फरक निघाला तर दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र त्याने पुण्यातच करून त्याच पाकिटातून पाठवावे.